दोन हजार अठराचं मॉडेल

मुलुंड (पूर्व),
६ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्हाला माझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता. शिवाय ‘लेखी असेल ते खरं’ हे तुमचंच वाक्य. तेव्हा घ्या, लेखी.

मला गाडी घ्यायची आहे. हसू नका. बडोद्याची सात वर्षं संपवून परत आले आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलं. कारण आई. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला आठवड्यातून तीनदा घाटकोपरला व्यायामासाठी न्यावं लागतं. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात तिचा जीव काढते. शेजारचे कधीमधी त्यांची गाडी देतात, पण ती बुटकी. आई आत बसते, बाहेर येता येत नाही. मागच्या गुरुवारी वॉचमनने आणि मी मिळून तिला ओढून काढलं. घरी आल्यावर म्हणाली, "उत्तरा, मी पोतं आहे का गं?" आणि रडली. मामा, तुमची अक्का रडली. तुम्ही तिला आयुष्यात किती वेळा रडताना बघितलंय?

म्हणून उंच सीटची छोटी एसयूव्ही हवी. नवी झेपणार नाही. जुन्यात ‘ट्रेवा’ बघ असं सगळे सांगतात, पण साल कोणतं यावर दोन माणसांचं एकमत नाही. ऑफिसात ज्याच्याकडे ज्या सालची आहे, तो त्याच सालचे गोडवे गातो.

तुम्ही चाळीस वर्षं विमा कंपन्यांसाठी आपटलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या तपासल्यात. मे महिन्यात मी घाटकोपरला तुमच्याकडे राहायला आले की तुम्ही मला गॅरेजात न्यायचात. मी बॅटरी धरायची, तुम्ही गाडीखाली सरपटायचात, आणि मग दोघं ऑइलच्या वासात मामींनी दिलेला डबा खायचो. गुळांबा आणि पोळी. मला वाटायचं, माझे मामा गाड्यांचे डॉक्टर आहेत. तर डॉक्टर, साल सांगा.

आई विचारते, श्याम कधी येतो? तीन वर्षं झाली. बोरिवलीहून मुलुंडला यायला व्हिसा लागत नाही.

तुमची,
उत्तरा

*

बोरिवली (पश्चिम),
११ जानेवारी २०२५

चि. उत्तरा,

आशीर्वाद. आधी एक दुरुस्ती. मी गाड्यांचा डॉक्टर नव्हतो. बहुतेक गाड्या माझ्यापुढे मेल्यावरच यायच्या. कशाने मेली आणि खोटं कोण बोलतंय, एवढंच मी लिहायचो.

आता साल. कुठल्याही मॉडेलचं पहिलं वर्ष घेऊ नये. त्या वर्षी कंपनी शिकत असते आणि फी गिऱ्हाईक भरतं. ट्रेवा निघाली २०१५ ला. त्या आणि पुढच्या वर्षीच्या गाड्यांचं स्टिअरिंग ऐन वळणावर जड व्हायचं, तेव्हा ती दोन्ही सालं बाद. २०१७ ची गाडी मुळात बरी, पण त्या ऑगस्टात मुंबई बुडाली होती. कुठली गाडी कमरेइतक्या पाण्यात उभी होती हे आज तिचा मालकही सांगू शकत नाही, कारण तो तिसरा मालक असतो. २०१९ ला कंपनीला तोंड रंगवायची हौस आली. नवे दिवे, हा मोठा स्क्रीन, आणि त्या स्क्रीनने लोकांच्या बॅटऱ्या खाल्ल्या. २०२० च्या गाड्या टाळेबंदीत महिनोन्महिने जागेवर उभ्या होत्या. उंदरांनी वायरी कुरतडल्या, टायर एका अंगाला बसले. उभी गाडी पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. माणसाचंही तेच, पण ते असो.

राहिलं २०१८. ते घे. जुन्या चुका निस्तरून झाल्या होत्या आणि नवे चाळे सुरू व्हायचे होते. माझं हे मत लेखी समज.

साल म्हणजे गाडी बनल्याचं, आरटीओत नोंदल्याचं नव्हे. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत नोंदतात आणि वर्षाने लहान म्हणून खपवतात. दाराच्या खांबावरची पट्टी वाच. काचांच्या कोपऱ्यातले आकडे एकमेकांशी जुळतात का बघ. एखादी वेगळी निघाली तर आधीची का फुटली ते विचार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ. लोक गाडी धुतात, सीटा बदलतात, पण बेल्टचा आतला तुकडा कोणी धूत नाही. पुराचा गाळ तिथे सापडतो. इंजिन थंड असताना सुरू करायला लाव. आणि दिसेल ते सगळं मला लिहून पाठव, तुला क्षुल्लक वाटलं तरी.

घाटकोपरला दादूचं गॅरेज अजून आहे. त्याला माझं नाव सांग. मालवणचा आहे, तोंडाने फटकळ आणि हाताने प्रामाणिक.

अक्काला म्हणावं, गुडघे जरा बरे झाले की येतो.

तुझा,
श्याममामा

*

मुलुंड,
२७ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

गाडी मिळाली! म्हणजे मिळाल्यासारखीच आहे.

दादूकडे गेले. तुमचं नाव काढल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला. मला एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाला, "ट्रेवा, अठरा सालची? एक गाडी हा. थंयच मुलुंडात. तिची नस नि नस माका म्हायती हा. पण घेण्याआधी सायबांक कळव." मी म्हटलं, कळवणारच आहे, पत्राने. तर तो उगीचच हसला.

आता रिपोर्ट. पांढरा रंग, पेट्रोल, ऑक्टोबर २०१८. मालक राजेश नावाचा तरुण, नोकरीसाठी सिंगापूरला चाललाय. तो दुसरा मालक. सर्व्हिसचं पुस्तक नाही, पहिल्या मालकाने दिलंच नाही म्हणे. काचा सगळ्या जुळतात. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले, एकदम स्वच्छ. (राजेश म्हणाला, "मॅडम, तुम्ही पोलिसात आहात का?") थंड इंजिन एका झटक्यात सुरू. डाव्या दारावर खाली हातभर लांब ओरखडा आहे, त्यावर रंग फिरवलाय. आणि तुम्ही क्षुल्लकही लिही म्हणालात म्हणून लिहिते, क्लचच्या पेडलवर कोणीतरी दोन बोटं जाडीचा रबराचा तुकडा तारेने आवळून बसवलाय. राजेश म्हणाला, पहिल्यापासून आहे, काढायचा कंटाळा केला.

पण खरी तपासणी आईने केली. तिला घेऊनच गेले होते. ती आत बसली, दोन मिनिटं टेकून राहिली, आणि मामा, ती स्वतः उतरली. काठी टेकली, पाय जमिनीला लावले आणि उभी राहिली. मी हात पुढे केला तर तो झटकला. "ही घे," म्हणाली. येताना रिक्षात एकदाही कण्हली नाही.

राजेश पाच तारखेपर्यंत थांबायला तयार आहे. तुमच्या होकाराशिवाय मी सही करणार नाही. लवकर लिहा.

उत्तरा

*

बोरिवली,
३० जानेवारी २०२५

चि. उत्तरा,

ती गाडी घेऊ नकोस. २०१८ च्या शेवटच्या तीन महिन्यांत बनलेल्या ट्रेवांचा क्लच कच्चा होता. तो रबराचा तुकडा त्यासाठीच लावावा लागला असणार. दुसरं साल बघ. २०१९ बघ.

दादूला म्हणावं, शहाणपणा पुरे.

श्यामकांत

*

मुलुंड,
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

तुम्ही सांगितलंत म्हणून काल सकाळी राजेशला ‘नाही’ असं कळवलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

आता जे लिहिते आहे त्याचा राग मानू नका. तुमची दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. अकरा तारखेला तुम्ही लिहिलंत २०१८ उत्तम, २०१९ बॅटऱ्या खातं. तीस तारखेला लिहिलंत २०१८ वाईट, २०१९ बघ. क्लच कच्चा असेल तर पेडलवर रबर लावून काय होणार, असं मी दादूला विचारलं. तो म्हणाला, "सायबांनी असा लिवला?" आणि आत निघून गेला. पत्राखाली तुम्ही ‘मामा’सुद्धा लिहिलं नाहीत. पूर्ण नाव लिहिलंत, बँकेला लिहिल्यासारखं.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी सालं चुकायला लागली, मग वार, मग माणसं. आम्ही दोन वर्षं चेष्टेवारी नेलं आणि मग उशीर झाला. ती चूक मी पुन्हा करणार नाही. म्हणून मी अनयला फोन केला. अंधेरीला स्मरणशक्तीचे एक चांगले डॉक्टर आहेत, तो तुम्हाला घेऊन जाईल. फक्त दाखवून यायचं आहे. माझ्यासाठी जा.

तुमची,
उत्तरा

*

बोरिवली,
९ फेब्रुवारी २०२५

चि. उत्तरा,

काल सकाळी माझा मुलगा चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसला आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "बाबा, आज वार कोणता?" मी म्हटलं, शनिवार, माघ शुद्ध एकादशी, आणि तुझे चौथीतले गणिताचे मार्कही सांगू का? सूनबाई आत हसली. तेव्हा डॉक्टर रद्द कर.

मला विस्मरण झालेलं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

तो रबराचा तुकडा दादूने माझ्या देखत कापला होता, रिक्षाच्या जुन्या टायरमधून. कारण तुझ्या मामीचा पाय क्लचपर्यंत पोचत नव्हता. ती गाडी जानकीची आहे.

तू तेव्हा बडोद्याला होतीस. मामी गाडी शिकली हे तुला कळलं होतं, पण पांढऱ्या ट्रेवा या शहरात पायलीला पन्नास, तू काय नि अक्का काय, कशा ओळखणार? मी अकरा हजार गाड्या तपासल्या, चालवली एकही नाही. चेपलेली स्टिअरिंगं इतकी पाहिली की ते हातात धरायची छाती झाली नाही. जन्मभर बसने फिरलो. मी घरी बसायला लागल्यावर जानकी म्हणाली, "तुम्ही नाही ना चालवत? मग मी चालवते." एकसष्ट वर्षांची होती. रिव्हर्समध्ये दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा पेढे आधी दादूला, मग देवाला.

साल मी निवडलं होतं, जुन्या चुका निस्तरेपर्यंत तिला थांबवून. ते मत मी तुला दिलं तेच, अनुभवाचं. डाव्या दारावरचा ओरखडा आमच्या सोसायटीच्या फाटकाचा, पहिल्याच दिवसाचा. मी ओरडायला तोंड उघडलं तर म्हणाली, "तुम्ही रिपोर्ट लिहा. गाडी मी चालवते." पुढे दर रविवारी सकाळी आम्ही खारदांड्याला मासळी आणायला जायचो. घाटकोपरात काय मासळी मिळत नाही? पण तिला गाडी चालवायला निमित्त हवं असायचं. मी डावीकडे, मांडीवर पिशवी, काचा खाली. चाळीस वर्षं मी या शहरातल्या फक्त मोडलेल्या गाड्या बघितल्या होत्या. शहर मला तिने दाखवलं, सत्तरीला आल्यावर. उत्तरा, तेवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

ती गेली, आणि आठव्या दिवशी मी गाडी दादूच्या हवाली केली. बजावलं की कोणाला विकतोस ते मला सांगायचं नाही आणि माझ्या नजरेला पुन्हा पडता कामा नये. महिन्याभरात पस्तावलो. दादूला विचारलं तर म्हणाला, "सायबानू, तुमीच सांगितला होता." शब्दाचा पक्का निघाला मेला. तेव्हापासून इथे बोरिवलीला अनयच्या घरी, चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहून खालच्या पांढऱ्या ट्रेवा बघत असतो. गुडघ्यांना काही झालेलं नाही.

तुझं पत्र वाचताना रबरापाशी आलो आणि कागद खाली ठेवला. डोळ्यांपुढे आलं की ही गाडी तू घेणार, एक दिवस मला न्यायला येणार, आणि मला त्याच सीटवर बसावं लागणार. शेजारी जानकी नसताना. मला ते झेपणार नाही असं वाटलं. म्हणून चांगल्या गाडीवर आळ घेतला. लोकांनी पाकिटं पुढे केली तरी मी कधी खोटा रिपोर्ट दिला नाही. पहिला खोटा रिपोर्ट तुला दिला, आणि तोही अक्काच्या गाडीचा. मला फार लाज वाटते.

गाडी अजून गेली नसेल तर ताबडतोब घे. सर्व्हिसचं पुस्तक माझ्याकडेच होतं, सोबत पाठवतो आहे. प्रत्येक पानावर तिची सही आहे.

मामा

*

मुलुंड,
१५ फेब्रुवारी २०२५

मामा,

गाडी गेली.

मी पाच तारखेला सकाळी नाही म्हटलं आणि दुपारीच विकली गेली. तुमचं पत्र वाचून मी राजेशकडे धावत गेले होते. घेणारी श्वेता नावाची मुलगी आहे, खारदांड्याचीच, नर्स आहे. माझ्या खांद्याला लागेल एवढीशी. राजेश सांगत होता, दोन गाड्या तिने पाय पोचत नाही म्हणून सोडल्या होत्या. हिच्यात बसली, क्लच दाबला आणि तिथेच हो म्हणाली. रबर काढून देऊ का विचारलं तर ओरडली, "हात नको लावू त्याला, त्याच्यासाठीच तर घेतेय!"

हे वाचून तुम्हाला काय वाटेल मला कळत नाही. मला हसू आलं आणि मग घरी येईपर्यंत रडू आवरेना. मी रागावलेसुद्धा आहे, ते लिहिलं नाही तर खोटं होईल. आई पुन्हा रिक्षाने जाते आहे. एक ओळ खरी लिहिली असतीत तर मी गाडी घेतली असती आणि तुम्ही म्हणेपर्यंत बोरिवलीच्या बाजूला फिरकलेही नसते.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातून घेतलं, घडी घातली. मग म्हणाली, "जानकीला जाऊन तीन वर्षं झाली. श्याम एकदाही माझ्यापाशी तिचं नाव काढून बोलला नाही. त्याची बायको गेली हे खरं. पण माझीही भावजय गेली. मी कोणाशी बोलायचं होतं?"

एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दादूने दुसरी एक बघून ठेवली आहे. मे २०१८, घाटकोपरचीच. पण आता पत्रावर काम होणार नाही. रविवारी, दोन मार्चला, स्वतः या आणि बघा. आईसुद्धा येणार आहे. तुम्ही आला नाहीत तर मी २०२० ची घेईन, उंदरांसकट.

पुस्तकाचं काय करू ते सांगा.

उत्तरा

*

बोरिवली,
३ मार्च २०२५

चि. उत्तरा,

रात्री अनयने घरी आणून सोडलं. सकाळी उठून पहिलं काम हे पत्र.

घाटकोपरला उतरल्यावर मी कोपऱ्यावरच उभा राहिलो होतो, हे तू पाहिलंसच. तीन वर्षांत मी त्या रस्त्यावर गेलो नव्हतो. दादूने चहा दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सायबानू, माका वाटला तुमी गाडयेक वळाखशात आणि येशात." मी गाडी ओळखीन आणि धावत येईन, बिचाऱ्याने एवढंच योजलं होतं.

काल काम करताना बरं वाटलं. पट्टी, काचा, बेल्ट सगळं ठीक आहे. मागच्या उजव्या चाकाचा ब्रेक तेवढा दादूकडून बघून घे. मग दादूच्या शब्दावर चालवून बघायला तू किल्ली घेतलीस आणि मी नेहमीसारखा मागच्या दाराकडे वळलो. अनयच्या गाडीत मी मागेच बसतो. पण मागे अक्का आधीच बसली होती, काठी आडवी टाकून, पिशवी शेजारच्या सीटवर पसरून. मुद्दाम केलं तिने. लहानपणी झोपाळ्यावर अशीच पसरायची. मग मी पुढे बसलो.

हायवेच्या पुलाच्या चढावर तू गाडी बंद पाडलीस. मागून हॉर्न. पुन्हा सुरू केलीस, पुन्हा बंद. तुझे कान लाल झाले होते. माझी नजर तुझ्या डाव्या हातावर होती, गिअर शोधणाऱ्या, आणि मला जे वाटेल अशी भीती होती तेच वाटत होतं. तेवढ्यात मागून अक्का म्हणाली, "जानकी असती तर एव्हाना पोचलो असतो."

मी हसलो. किती दिवसांनी हसलो ते सांगता येणार नाही. हसता हसता रडायला लागलो, तिथेच, पुलाच्या मधोमध, आणि तू माझ्याकडे न बघता आरशात मागची रहदारी बघत राहिलीस. त्याबद्दल तुझे उपकार आहेत.

मग मी बोलायला लागलो तो थांबलोच नाही. विक्रोळीला अक्काला मढची गोष्ट सांगितली. जानकीने चुकून शूटिंगच्या बंगल्याच्या आवारात गाडी घातली होती. रिव्हर्स म्हटलं की तिचे हातपाय गळायचे. सगळी माणसं, दिवे, नट खोळंबले, आणि ती शांतपणे म्हणाली, "तुमचं चालू द्या, आम्ही बघतो." अर्धा तास आम्ही शूटिंग बघत बसलो. शेवटी त्यांच्याच एका माणसाने गाडी बाहेर काढून दिली आणि वर चहा पाजला. अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. तिने मग मला जानकीच्या काही गोष्टी सांगितल्या, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच्या. मला त्या ठाऊक नव्हत्या. चाळीस वर्षांवर संसार केला आणि ठाऊक नव्हत्या. तीन वर्षं मी गॅलरीत उभा राहून एकट्याने गाड्या शोधत बसलो आणि तिची निम्मी आठवण तिथे मुलुंडला पडून होती. मी मूर्ख आहे, हे लेखी समज.

तुझ्या सोसायटीत पोचलो तेव्हा अक्का उतरेचना. आठवतं? जिच्या उतरण्यासाठी एवढा खटाटोप, ती म्हणाली, "आत्ता कुठे रंगात आलंय. अजून एक फेरी मार गं." तू तीन फेऱ्या मारल्यास. तिसऱ्या फेरीला गाडी एकदाही बंद पडली नाही.

पुस्तक त्या श्वेताला पोचव. गाडी तिची आहे, तिला लागेल.

ही गाडी घे. येत्या रविवारी नऊला मला न्यायला येतेस ना? अक्काला सोबत घेऊन ये. आमचं अजून पुष्कळ बोलायचं राहिलंय.

तुझा,
श्याममामा